कॅपिलानोचा झुलता पूल ओलांडावा का?

प्रश्न : माझे वय ६३ आहे. मुलगा कॅनडात व्हँकुव्हरजवळ बर्नबी येथे राहतो आणि येत्या जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. त्याने आम्हाला कॅपिलानोचा झुलता पूल दाखवायचे ठरवले आहे. मला उंचीची भीती वाटते, उजव्या गुडघ्याचे दुखणे आहे, आणि मोरबीच्या व नंतर कुंडमळ्याच्या दुर्घटनेपासून कोणत्याही पुलावर पाऊल ठेवताना छातीत धस्स होते. यजमान म्हणतात, एवढे लांब जाऊन पूल न ओलांडता परतणे बरे दिसणार नाही. मी काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण तेथे जरूर जावे असे मला मनापासून वाटते, मात्र पूल ओलांडायचाच, असा पण करून घरातून निघू नये. पुलाच्या तोंडाशी उभे राहावे, दहा पावले टाकून पाहावीत आणि मग ठरवावे. मी या पुलावरून दोनदा गेलो आहे आणि पहिल्या खेपेला मध्यावर पोचण्यापूर्वीच माझे पाय जड झाले होते, त्यामुळे आपल्या भीतीची मला पुरती कल्पना आहे.

आपल्या मनातली मोरबीची आठवण आधी घेतो, कारण ती दूर झाल्याशिवाय बाकीच्या सूचनांचा उपयोग नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मच्छू नदीवरचा पूल तुटला आणि १३० हून अधिक माणसे प्राणास मुकली. एकोणिसाव्या शतकातला हा पूल दुरुस्तीनंतर चारच दिवसांपूर्वी पुन्हा खुला झाला होता. चौकशी पथकाला असे आढळले की, मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या, लाकडी फळ्या काढून अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग बसवल्यामुळे पुलाचे वजन वाढले होते, आणि एका वेळी किती माणसे आत सोडावीत याला काही धरबंध उरला नव्हता. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवर पडलेला पूल झुलता नव्हता, जुना लोखंडी होता. तरी जीर्ण सांगाडा आणि त्यावर लोटलेली सुट्टीची गर्दी हे दुखणे तेथेही होते. दोन्ही दिवस रविवारचे होते, हे मला अजून विसरता येत नाही. हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच की, यातल्या कोणत्याही पुलाचा घात त्याच्या झुलण्याने केला नाही. गंज वेळेवर पाहिला गेला नाही आणि गर्दी वेळेवर अडवली गेली नाही, त्यात माणसे गेली.

कॅपिलानोचा पूल मुळात १८८९ सालचा आहे. जॉर्ज ग्रँट मॅके या स्कॉटिश स्थापत्य अभियंत्याने दरीच्या दोन्ही अंगांना जमीन घेतली होती आणि पलीकडच्या जंगलात जाता यावे म्हणून तागासारख्या वाखाच्या दोरांवर सीडर नावाच्या झाडाच्या लाकडाच्या फळ्या टाकून त्याने हा पूल बांधून घेतला. वाऱ्यात त्या दोरांचा असा आवाज होई की, तेथले मूळ रहिवासी त्याला हसणारा पूल म्हणत, असे सांगतात. १९०३ मध्ये दोर जाऊन पोलादी तारांचे केबल आले आणि १९५६ मध्ये पूल पुन्हा नव्याने उभारला गेला. आज आपण ज्यावर चालाल तो हा पूल आहे. त्याच्या केबलची टोके दोन्ही काठांवर काँक्रीटच्या अवजड ठोकळ्यांत गाडलेली आहेत. डिसेंबर २००६ च्या हिमवादळात सुमारे ३०० वर्षांचा एक अजस्र डग्लस फर वृक्ष पुलाच्या पश्चिम टोकावर आडवा झाला. पुलाचे नुकसान झाले, काही काळ तो बंद ठेवून दुरुस्तही करावा लागला, पण दरीत कोसळला नाही.

आता झुलण्याविषयी. अंगणात दोन खांबांना ताणून बांधलेल्या दोरीवर ओली चादर टाकली की दोरी मधोमध खाली येते आणि वाऱ्याबरोबर हलते, तरी ती तुटत नाही, कारण चादरीचे वजन ती ताणाच्या रूपाने दोन्ही खांबांकडे पोचवत असते. झुलता पूल असाच असतो. आपण टाकलेल्या प्रत्येक पावलाचे वजन केबलमधून काठावरच्या त्या ठोकळ्यांत उतरते आणि उतरताना पूल थोडा वाकतो, थोडा सरकतो. माणूस साधारणपणे सेकंदाला दोन पावले टाकतो, एक डावे आणि एक उजवे, त्यामुळे पुलाला खाली दाबणारा आणि बाजूला ढकलणारा असे दोन्ही हिसके बसत राहतात. पूल डोलू लागला की तोल सांभाळण्यासाठी लोक नकळत त्याच्याच तालात पावले टाकू लागतात आणि डोलणे वाढते. लंडनमध्ये थेम्स नदीवरचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उद्घाटनानंतर दोनच दिवसांत बंद करावा लागला, तो याच कारणाने, आणि हिसके शोषून घेणारी यंत्रणा बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला. कॅपिलानोचा पूल हलण्यासाठीच बांधलेला आहे, म्हणून त्याचे हलणे हे बिघाडाचे लक्षण समजू नये. मात्र ज्याला हलण्याचा त्रास होतो त्याने गर्दी टाळावी. उद्यान उघडते त्या वेळी पोचलात तर पुलावर मोजकी माणसे असतात. जुलैत तेथे रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळी उशिरा जाणेही सोयीचे. भरदुपारी सहलीचे जथे आलेले असतात. ती वेळ आपल्यासाठी नव्हे.

पुलाची लांबी सुमारे १४० मीटर आणि खालच्या कॅपिलानो नदीपासून उंची सुमारे ७० मीटर आहे, म्हणजे वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून पाहावे तशी नदी दिसते. हे आकडे वाचून घाबरू नका, कारण प्रत्यक्षात जाणवतो तो उतार. केबल मधोमध झोळीसारखे खाली आलेले असल्यामुळे अर्ध्या वाटेपर्यंत आपण उतरत असतो आणि पुढे चढत असतो. गुडघ्याला उतार अधिक बाधतो, तेव्हा पहिल्या भागात पावले लहान टाकावीत. पुलाची रुंदी दोन माणसे अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढीच आहे; कडेला छातीपर्यंत जाळी आहे आणि हाताशी पोलादी दोर आहे. तो दोर मुठीत घट्ट आवळला की पुलाची प्रत्येक थरथर खांद्यापर्यंत येते. मी हे स्वतः अनुभवले: मूठ सैल करून तळवा नुसता दोरावर टेकवला आणि नजर समोरच्या काठावरच्या एका झाडाच्या बुंध्यावर ठेवली, तेव्हा श्वास पुन्हा संथ झाला. फळ्यांच्या फटींतून खाली पाहण्याचा मोह परतीच्या वाटेवर ठेवावा. मुलगा आपल्या पुढे चालावा, मागे नको. मागून येणाऱ्याची पावले आपल्याला दिसत नाहीत आणि हिसका अनपेक्षित वाटतो.

एक गोष्ट अनेकांना पलीकडे गेल्यावरच कळते, ती आधीच सांगतो. परतायचे ते याच पुलावरून. म्हणून मध्यावर पोचल्यावर स्वतःला विचारावे की, हेच अंतर आणखी तीनदा चालायची तयारी आहे का. उत्तर नाही असे आले तर तेथून वळावे. त्यात उणेपणा काही नाही, आणि हे आपल्या यजमानांनाही माझ्या वतीने सांगावे. आपल्याला कानाच्या विकारामुळे भोवळ येत असेल, तर गोष्ट वेगळी आहे; मग निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय पुलावर जाऊ नये.

पलीकडे गेलात तर जंगलाला निवांत वेळ द्यावा, कारण खरे वैभव तेथे आहे. २००४ पासून उंच डग्लस फर वृक्षांना जोडणारे सात छोटे झुलते पूल तेथे आहेत, आणि त्यांचे मचाण ज्या पट्ट्यांनी बुंध्याला धरलेले आहेत त्या नुसत्या दाबावर टिकतात, झाडात खिळा किंवा बोल्ट ठोकलेला नाही. झाड वाढेल तशा त्या सैल करता येतात. पावसाने भिजलेली ती साल मी हात लावून पाहिली; खोल चिरा पडलेली, बोटे आत जातील अशी. पलीकडे गेला नाहीत तरी अलीकडच्या काठावर स्थानिक आदिवासी परंपरेतले कोरीव टोटेम स्तंभ आहेत. कड्याला लागून बांधलेला २०११ सालचा क्लिफवॉकही अलीकडेच आहे, पण तो अरुंद आहे, पायऱ्या आहेत आणि दरी पायाखाली असते, तेव्हा त्याला पुलाचा सोपा पर्याय समजू नका. चाकाची खुर्ची पुलावर नेता येत नाही.

तिकीट महाग आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या, म्हणजे व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्याच्या रहिवाशांना एकदाच्या तिकिटावर वर्षभर येता येते, त्यामुळे मुलाने आपल्या पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवावा. व्हँकुव्हरच्या मध्यवर्ती भागात कॅनडा प्लेसपासून उद्यानाची मोफत बस सुटते; नाहीतर सीबस या प्रवासी बोटीने खाडी ओलांडून ‘लॉन्सडेल की’ या धक्क्यावरून २३६ क्रमांकाची बस घ्यावी. तिच्या वेळा मुलाने आदल्या दिवशी पाहून ठेवाव्यात.

प्रश्न : कॅपिलानोच्या तिकिटात आम्हा चौघांचा दिवसभराचा खर्च निघेल. जवळच लिन कॅनियनचा पूल फुकट पाहता येतो असे कळले. तो दुय्यम आहे का? बरोबर पाच वर्षांचा नातू असेल. – एक वाचक, ठाणे

उत्तर : दुय्यम मुळीच नाही. लिन कॅनियनचा पूल १९१२ मध्ये खुला झाला. सुरुवातीला तेथेही काही सेंट घेत असत; आता उद्यान स्थानिक जिल्हा प्रशासनाकडे आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पुलाची उंची सुमारे ५० मीटर आहे, लांबी मात्र कॅपिलानोच्या निम्म्याहूनही कमी. नाशिकच्या भगिनींनाही मी हेच सुचवीन की, आधी येथे यावे. एका मिनिटात पलीकडे पोचता येते आणि आपले मन काय म्हणते ते कळते.

नातवाचा हात पुलावर सोडू नये, पण त्याहून अधिक जपायचे ते पुलाखालच्या प्रवाहापासून. उन्हाळ्यात तेथल्या हिरव्या निळ्या डोहांचा मोह पडतो, तरुण मुले कड्यांवरून उड्या घेतात, आणि त्यात आजवर अनेकांचे जीव गेले आहेत. पाणी बर्फाचे, थंडगार असते आणि खडक शेवाळलेले. कुंपण जेथे आहे तेथेच थांबावे. फोटोसाठी पलीकडे कुणी बोलावले तरी जाऊ नये.

दिवस उरला तर कॅपिलानो नदीच्याच वरच्या अंगाला १९५४ सालचे क्लीव्हलँड धरण आहे आणि त्याच्या खाली सॅमन माशांचे पैदास केंद्र आहे. दोन्हींना तिकीट नाही. समुद्रातून नदीत परतणारे सॅमन पाण्याच्या पायऱ्या चढताना काचेतून दिसतात, आणि पाच वर्षांच्या मुलाला तेथून हलवणे कठीण जाते. उन्हाळा सरत आला की मासे अधिक येतात, म्हणून तारखा आपल्या हातात असतील तर ऑगस्टचा शेवट निवडावा. लहान मुलासाठी छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट घ्यावा. पुलावर दोन्ही हात मोकळे लागतात.