जुना कार्बोरेटर खोलताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या गाडीचा कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पुन्हा बांधण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. त्यांतील दोन प्रश्नांमध्ये थेट जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग, बदलण्याविषयीच विचारलेले आहे. माझा अनुभव असा, की आधी नको तिथून शिरणारी हवा शोधावी, मग फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणाऱ्या भागाच्या) भांड्यातील पेट्रोलची पातळी तपासावी आणि जेटकडे त्यानंतरच वळावे.

प्रश्न : कार्बोरेटर पूर्ण साफ केला, नवीन गॅस्केट संच बसवला, तरी आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे मंद चालणे) स्थिर राहत नाही. कधी इंजिन आपोआप चढते, कधी बंद पडते. मिक्श्चर स्क्रू (आयडलवरचे पेट्रोल-हवेचे प्रमाण जुळवणारा) फिरवूनही फारसा फरक जाणवत नाही. जेट बदलावे का?

जेटला अजून हात लावू नका. मिक्श्चर स्क्रूला इंजिन दाद देत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की त्या स्क्रूच्या ताब्यात नसलेली हवा दुसऱ्या वाटेने आत येत आहे. जुन्या कार्बोरेटरमध्ये ही वाट सहसा थ्रॉटल शाफ्टच्या, म्हणजे हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्याच्या, दोन टोकांशी असते. थ्रॉटल बंद ठेवून शाफ्टचे टोक चिमटीत धरा आणि वर-खाली हलवून पाहा. शाफ्ट गोल फिरायला हवा, पण आडवा हलता कामा नये. इंजिन आयडलवर चालू असताना शाफ्टच्या टोकाशी इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडले आणि क्षणभर आयडलिंग सुधारले, तर निदान पक्के झाले. याच चाचणीसाठी काही जण पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारतात. तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी तो आगीला आमंत्रण ठरू शकतो, म्हणून मी तेलच सुचवतो.

झीज शाफ्टची आहे की बॉडीतील भोकाची, हे बुश (भोकात बसणारी धातूची बाही) बसवण्याआधी ठरवावे. शाफ्टचा मधला भाग सहसा झिजत नाही. तेथील माप आणि टोकाचे माप मायक्रोमीटरने घेऊन तुलना करा. फरक शाफ्टमध्येच असेल, तर नवीन शाफ्टने काम भागते. भोक अंडाकृती झाले असेल, तर ते रीम करून (कापून पुन्हा गोल करून) ब्राँझचे बुश बसवावे लागतात. दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत आली नाहीत तर शाफ्ट अडकतो, म्हणून हे काम हातातल्या ड्रिलने करू नये. चांगल्या टर्नरकडे द्यावे.

शाफ्ट काढण्यासाठी आधी बटरफ्लाय (शाफ्टवरची चकतीसारखी झडप) काढावा लागतो आणि घाई नेमकी इथेच नडते. बटरफ्लायच्या दोन छोट्या स्क्रूंची मागची टोके कारखान्यात ठोकून पसरवलेली असतात. स्क्रू तसेच उलटे फिरवले, तर शाफ्टमधले आटे फाटतात किंवा स्क्रू तुटतो. म्हणून पसरलेला भाग बारीक कानशीने आधी घासून काढावा. बटरफ्लायच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात आणि तो एकाच बाजूने नीट बसतो, त्यामुळे काढण्यापूर्वी त्यावर खूण करावी. परत बसवताना आयडल स्टॉप स्क्रू पूर्ण मागे घ्यावा, बटरफ्लायचे स्क्रू किंचित ढिले ठेवून थ्रॉटल दोन-तीनदा झटक्याने बंद करावा आणि बॉडी उजेडासमोर धरून पाहावी. एका बाजूला प्रकाशाची चंद्रकोर दिसली, तर बटरफ्लाय मध्यावर आलेला नाही. कडेने सर्वत्र सारखी, केसाएवढी रेघ दिसली की स्क्रू घट्ट करावेत. स्क्रू नवीनच घ्यावेत, त्यांना थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा चिकट द्रव) लावावे आणि शाफ्टला खालून आधार देऊन टोके पुन्हा पसरवावीत. यातला एक स्क्रू जरी सुटला तरी तो थेट सिलिंडरमध्ये जातो.

शाफ्ट ठीक निघाला, तर बुडाचा फ्लँज (इंजिनावर नटांनी बसणारा सपाट भाग) पाहा. वर्षानुवर्षे नट जास्त आवळल्याने त्याचे कान वाकलेले असतात. सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजा. किरकोळ वाक असेल, तर जाड काचेवर 320 नंबरचा एमरी पेपर चिकटवून बॉडी इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासली की तो निघतो.

प्रश्न : बॉडी काळवंडली आहे. ती मूळच्या सोनेरी रंगावर कशी आणावी? ग्लास बीड ब्लास्टिंग करून घ्यावे काय?

आधी धातू ओळखा. जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या बॉडीवर पुष्कळदा डायक्रोमेटचा (क्रोमियमच्या क्षाराचा) सोनेरी-पिवळसर थर दिलेला असे आणि तो शोभेपेक्षा गंजरोधासाठी होता. ॲल्युमिनियमच्या बॉडी बहुधा नुसत्या धातूच्या रंगातच येत. त्या सोनेरी केल्या तर दिसायला छान, पण मूळच्या म्हणता येणार नाहीत. ओळखायचे कसे? हातात घेऊन पाहा. जस्ताची घनता ॲल्युमिनियमच्या अडीच पटींहून अधिक असल्याने वजनातला फरक लगेच कळतो.

ब्लास्टिंगबाबत माझी स्वतःची चूक सांगतो. फार पूर्वी मी एक बॉडी काचमण्यांनी ब्लास्ट करून घेतली. ती नव्यासारखी दिसू लागली आणि गाडी मात्र तीन दिवस आयडलवर उभी राहीना. शेवटी आयडल जेट भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्याच्या तोंडाशी बारीक काचमण्यांचा गुच्छ अडकलेला दिसला. आतील वळणावळणाच्या नळ्यांत शिरलेले मणी हवेच्या झोताने पूर्ण निघत नाहीत. शिवाय जस्तावरचा जुना थर उडाला की उघडा धातू लवकर करडा पडतो आणि दमट हवेत त्यावर पांढरी भुकटी येते. सोड्याचे ब्लास्टिंग तुलनेने बरे, कारण उरलेला सोडा कोमट पाण्यात विरघळतो. तरीही आधी सर्व भोके बंद करावीत.

मी स्वतः अल्ट्रासॉनिक टबमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या) 50 ते 60 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी आणि सौम्य डिटर्जंट वापरतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस जस्त खातो आणि कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. हे घरगुती उपाय कार्बोरेटरला लावू नयेत. टबात टाकण्यापूर्वी रबर, डायफ्रॅम (लवचीक पडदा) आणि प्लॅस्टिकचे भाग काढावेत. ॲक्सिलरेटर पंपाच्या वाटेतली छोटी स्टीलची गोळी कुठून निघाली, याचा फोटोही काढून ठेवावा. ती विसरली, तर पिकअप घेताना इंजिन गचके खाते. राहिला मूळचा सोनेरी थर. पारंपरिक डायक्रोमेटमधले षट्संयुज क्रोमियम कर्करोगकारक असल्याने हे काम घरी न करता प्लेटिंगच्या कारखान्याकडेच द्यावे.

प्रश्न : गाडी उभी असताना कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी सुई) नवीन आहे.

मग फ्लोट पाहा. पितळी फ्लोट कानाजवळ हलवला आणि आत पेट्रोल खळखळले, तर त्याला भोक आहे. तो गरम पाण्यात बुडवला की भोकाच्या जागी बुडबुडे दिसतात. मात्र पाणी दुसरीकडे गरम करून उघड्या जागेत आणावे. पेट्रोलची वाफ आणि ज्योत जवळ येऊ देऊ नये. भोक खाली ठेवून फ्लोट गरम पाण्यात धरला, की आतले पेट्रोल बाहेर ढकलले जाते. तो पूर्ण रिकामा झाल्याशिवाय डाख देऊ नये. डाख देताना आतली हवा तापून फुगते आणि वितळलेले कथील बाहेर फेकते, म्हणून फ्लोट थंड असताना एकाच स्पर्शात काम उरकावे. कथील जितके कमी तितके चांगले, कारण वजन वाढले की फ्लोट खोल बुडतो, व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि भांड्यातली पातळी चढते. डाख दिल्यावर उंची पुन्हा जुळवावीच लागते. फ्लोट फोमचा असेल, तर तो दुरुस्त होत नाही. पेट्रोल शोषून जड झालेला फोम बदलावा.

फ्लोट निर्दोष निघाला, तर पंपाचा दाब मोजा. नंतर बसवलेला इलेक्ट्रिक पंप अनेकदा कार्बोरेटरला सोसवेल त्यापेक्षा जास्त दाब देतो.

प्रश्न : इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी जेट मोठे करावे का?

आता जेटचा विषय रास्त आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 पट. म्हणून 10 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे 14.1 होते आणि त्याच जेटवर मिश्रण साधारण 4 टक्के पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडते. वेबर आणि सोलेक्सच्या मुख्य जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. प्रवाह क्षेत्रफळावर अवलंबून असल्याने 4 टक्के प्रवाहासाठी व्यास सुमारे 2 टक्केच वाढवायचा, म्हणजे 125 च्या जागी 127.5. इंजिन आधीच थोडे घट्ट मिश्रणावर चालत असेल, तर तेवढाही बदल लागत नाही. जुन्या जेटमधून ड्रिल घालून भोक वाढवू नका आणि साफसफाईसाठी स्टीलची तारही घालू नका, कारण पितळ मऊ असते आणि आकड्याला मग अर्थ उरत नाही.

जेटपेक्षा मला रबराची काळजी जास्त वाटते. जुने डायफ्रॅम, होज आणि सील इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. तसेच इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचे भांडे रिकामे करून ठेवावे.

प्रश्न : गॅस्केटला सिलिकॉन सीलंट लावावे का?

नाही. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, त्याचे तुकडे सुटतात आणि जेटमध्ये जाऊन बसतात. गॅस्केट गळत असेल, तर पृष्ठभाग सपाट नाही.