नाईटला डॉक्टरांना फोन करायला घाबरू नकोस गं

नर्स म्हणून पहिल्या नाईट ड्यूटीला सगळ्यांचेच हात थरथरतात, पण एक सवय आत्ताच लाव, पेशंटचे श्वास स्वतः मोजायचे, पूर्ण 1 मिनिट, मागच्या शिफ्टने 18 लिहिलंय म्हणून आपण पण 18 लिहायचं नाही. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते, ऑपरेशनची दुसरी रात्र, बीपी ठीक, ऑक्सिजन 95, तरी लेक म्हणाली "सिस्टर, बाबा आज वेगळेच वाटतायत", मग चादर बाजूला करून मोजले तर 28 आणि तळवे गार, घामेजलेले. मोठ्या माणसाचे नॉर्मल मिनिटाला 12 ते 20 असतात, आणि बीपी पडायच्या आधीच बऱ्याचदा श्वास वाढतात. म्हणून घरच्यांचं बोलणं कधी झटकू नकोस, ते माणूस ओळखतात.

फोनवर नुसतं "पेशंट बरा वाटत नाही" म्हणू नकोस. बेड नंबर, कशासाठी अॅडमिट, आत्ता काय बदललंय, आकडे आणि स्पष्ट "सर, तुम्ही येऊन बघा". ओरडले तर ओरडू दे. ऑर्डर सांगितली की वाचून दाखव, औषधाचं नाव, डोस सगळं, आणि फोन केल्याची वेळ लगेच नोट्समध्ये टाक. कोणी आलंच नाही तर सीनियरला उठव, मला उठवलंस तरी चालेल.