लाज वाटली ते समजलं, पण ओल्या कपड्यात का बसलास?

अरे, तुझा मेसेज वाचला. "मेल्याहून मेल्यासारखं झालं" हे दहादा लिहिलंयस आणि नेमकं काय झालं ते पार शेवटी, तेही अर्धवट. मला कळलं ते असं की स्कीला गेलात तिथली डोंगरावर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट, ती चेअरलिफ्ट, मध्येच थांबली, तुला आधीपासूनच जोरात लागली होती, कसाबसा वर पोचलास, स्कीच्या त्या दगडासारख्या कडक बुटांत खुरडत टॉयलेटच्या दारापर्यंत गेलास आणि गारठलेल्या बोटांनी त्या अख्ख्या वन-पीस सूटची चेन काही उघडेना. मग जे व्हायचं ते झालं. मागे दोन मित्र उभे होते, एकाच्या हातात मोबाईल.

बरं, आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, की "एवढा मोठा घोडा आणि कंट्रोल नाही". थंडीत शरीर काय करतं माहितीय का, आतली उष्णता जाऊ नये म्हणून हातापायांच्या, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, रक्त आतल्या भागात येतं, तिथला दाब वाढतो आणि किडनीला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, की ती लगेच बाहेर टाकायला लागते. याला कोल्ड डाययुरेसिस म्हणतात आणि हे धडधाकट माणसालाही होतं. त्यात सकाळी दोन मग कॉफी ढोसून निघालास. आणि हो, आता याच्यावर उपाय म्हणून पुढच्या वेळी पाणीच प्यायचं नाही असलं काही करू नकोस, थंडीत तहान कमी लागते पण पाणी तेवढंच लागतं.

आता मला जे खरंच खटकलं ते. तू लिहिलंयस की "कोणाला कळू नये म्हणून नंतर तासभर बाहेरच बाकावर बसून राहिलो". तासभर! ओल्या थर्मलमध्ये, शून्याच्या खाली, वारा असताना! पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, आणि तू तर आतून कॉटनचे कपडे घातले होतेस, जे एकदा भिजले की वाळत नाहीत आणि ऊबही देत नाहीत. शरीराचं तापमान 35 डिग्रीच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आधी कुडकुडणं, मग बोटं ऐकत नाहीत, मग डोकं चालत नाही, आणि गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की डोकं चालत नाहीये हे त्या माणसालाच कळत नाही. पँट भिजली यात तुझा काही दोष नाही रे, पण त्या बाकावर बसून राहणं हा शुद्ध मूर्खपणा होता. सगळ्या ग्रुपला नको, एकाला बाजूला घेऊन "भिजलोय, एक्स्ट्रा पँट दे, रूमवर सोड" एवढं म्हटलं असतंस तर वीस मिनिटांत गरम खोलीत असतास, आणि मला खात्री आहे की तो हसला असता, पण पँटही दिली असती.

आणि पुढचे दोन दिवस ताप आल्याचं नाटक करून रूममध्ये पडून राहिलास, त्याने काय झालं? त्यांना वेगळं बोलायला विषयच उरला नाही.

कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या थॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, 2000 साली छापून आला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून लोकांनी भरलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांनी बघितलं असेल? त्यांना वाटलं जवळपास निम्म्यांनी, प्रत्यक्षात बघितलं होतं पाव भागाने. आता तू म्हणशील माझं तर दोघांनी डोळ्यांनी बघितलं, आणि ते बरोबरच आहे, हा प्रयोग तुझ्या केसला जशाच्या तसा लागू होत नाही. पण बाकीचे सगळे, तिकिटाच्या लाईनमधले, तो लिफ्टवाला, ती लहान मुलं, ज्यांना "सगळ्यांनी बघितलं" म्हणतोयस ना, त्यांतले बरेचसे स्वतःचे बूट आणि स्वतःचं पडणं यातच गुंतलेले होते. स्कीवर पहिल्या दिवशी कोणाला दुसऱ्याकडे बघायला वेळ असतो!

राहिला व्हिडिओ. इथे मात्र मी तुला "जाऊ दे, हसण्यावारी ने" असं सांगणार नाही. हसणं वेगळं आणि स्टिकर बनवून महिनाभर फिरवणं वेगळं. ग्रुपवर काही टाकू नकोस, तिथे प्रेक्षक असले की सगळ्यांनाच चेव येतो. ज्याने काढलाय त्याला डायरेक्ट पर्सनलवर लिही, लांबण न लावता: "भाई, त्या दिवशी हसलात ते ठीक, मलाही कधीतरी हसू येईल, पण तो व्हिडिओ तुझ्या फोनमधून आणि ग्रुपमधून काढ, आणि अजून कोणाला पाठवला असशील तर सांग." बस. सॉरी नको, चार हसरे इमोजी नकोत. तो "अरे सॉरी यार" म्हणून काढेल असंच मला वाटतं. नाही काढला आणि वर "किती सेन्सिटिव्ह आहेस" ऐकवलं, तर पुढच्या ट्रिपला कोणासोबत जायचं नाही ते तुला फुकटात कळलं.

ग्रुप म्यूट केलायस तो अनम्यूट कर. कोणी विषय काढलाच तर तूच आधी बोल, "हो, चेन उघडली नाही, विषय संपला", आणि कान लाल झाले तर होऊ देत. लाजणारा माणूस लोकांना जास्त विश्वासू वाटतो असं अमेरिकेतल्या बर्कली युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना 2012 च्या अभ्यासात दिसलंय, त्यामुळे त्या लाल कानांची एवढी काळजी करू नकोस.

पुढच्या वेळी टू-पीस घे, वन-पीस नाही. बूट घालायच्या आधी जाऊन ये, लागली नसली तरी, आणि लिफ्टच्या लाईनीत लागायच्या आधी परत एकदा. बॅगेत एक कोरडा थर्मलचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेव. थर्मल लोकरीचे किंवा सिंथेटिक बघ, कॉटनचे तेवढे परत आणू नकोस. आणि त्या मित्राला मेसेज आजच टाक, उद्यावर ढकललंस की तू टाकणार नाहीस, ओळखतो मी तुला.