आधी शेपटी बांधा

प्रश्न : काका, मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो, वेर्ण्याच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतो. वय ४३. बायकोचं माहेर जळगाव. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. वर्षातून तीनदा तरी जाणं होतं आणि गाडीने जायचं तर मुलं आंबून जातात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अशोक थामराक्षन यांनी लॉकडाऊनमध्ये किट आणून चार आसनी विमान बांधलं आणि घरच्यांना त्यातून फिरवलं, हे वाचल्यापासून मलाही तेच करावंसं वाटतंय. आरव्ही-१० या चार आसनी विमानाचं किट मनात आहे. घरामागे मोठी शेड आहे. थोडे पैसे आहेत, उरलेलं कर्ज काढीन. बायको म्हणाली, आधी काकांना विचारा. बांधायला घेऊ का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी जळगावचं मिटवू. २०२४ मध्ये गोव्याच्या मोपा विमानतळावरून जळगावला एटीआर हे पंख्याचं प्रवासी विमान सुरू झालं. वेळापत्रक बदलत असतं, ते तेवढं बघून घ्या. पण चार तिकिटं, वर्षातून तीन वेळा जाऊन-येऊन, असा पुढच्या वीस वर्षांचा हिशेब मांडलात तरी तो विमान बांधण्याच्या खर्चाच्या जवळपासही पोचत नाही. थामराक्षन यांना सुमारे १ लाख ४० हजार पौंड लागले होते आणि त्यांचं किट तुमच्या मनातल्या विमानापेक्षा लहान इंजिनाचं होतं. तेव्हा प्रवास हे कारण पत्रातून खोडून टाका आणि मग पत्र पुन्हा वाचा. काहीच उरत नसेल तर पैसे मुलांच्या नावावर ठेवा. 'मला हे माझ्या हाताने बांधायचंय' एवढं जरी उरत असेल, तर पुढचं वाचा. टूलरूमचा माणूस आहात, ते उरेल असं मला वाटतं.

मी नौदलात विमान देखभालीत चोवीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी दाबोळीला, डॉर्निअर विमानांवर. समुद्रावर कमी उंचीवरून उडून विमान परत आलं की पहिलं काम म्हणजे गोड्या पाण्याने धुणं. कितीही उशीर झालेला असो, धुतल्याशिवाय कोणी घरी जात नसे. ॲल्युमिनिअमला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही. पांढरी भुकटी येते, तीही दोन पत्र्यांच्या जोडात, रिवेटच्या डोक्याखाली, जिथे नजर जात नाही तिथे. विमानाच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ थर असतो, तो आतल्या मिश्रधातूला सांभाळतो. तुम्ही भोक पाडलंत, कड कापलीत, नखाएवढा ओरखडा काढलात की तिथे तो थर संपला.

फोंड्याला समुद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपली हवाच ओली आहे आणि विमान पुढे मोपाच्या पठारावर खाऱ्या वाऱ्यात उभं राहणार आहे. प्रत्येक भाग आतून प्रायमर मारून मगच बंद करायचा, कारण एकदा पत्रा जोडला की आत हात जात नाही. प्रायमरचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत उरका. पावसाळ्यात बर, म्हणजे कापलेल्या कडांवरची धारदार कुसं, काढणं, मापं घेणं, नकाशे वाचणं करा. आणि हातमोजे घाला. घामेजल्या बोटांचा ठसा उघड्या पत्र्यावर राहिला तर काही दिवसांनी तो ठसा पत्र्यात कोरलेला दिसतो. आमच्या एका चीफने, म्हणजे वरिष्ठाने, मला ते दाखवलं होतं, ठसा माझाच होता.

आता वेळ. आरव्ही-१० ला सरासरी दोन हजार तास तरी धरा. नोकरी करून रविवारचे आठ तास आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दोन-दोन, म्हणजे आठवड्याला बारा. चवथ, शिगमो, जत्रा, लग्नं, आजारपण वगळून वर्षाचे पंचेचाळीस आठवडे हाती येतात. साडेपाचशे तासही होत नाहीत. चार वर्षं, तीही सगळं सुरळीत गेलं तर. तोवर मुलगी पंधराची, दहावीला. त्यापुढे कागदपत्रं आणि चाचणी उड्डाणं. ज्या मुलीला खिडकीत बसवायचं म्हणून हे मांडताय, ती तोपर्यंत कॉलेजात असेल आणि आजोळी किती वेळा येईल सांगता येत नाही. हे तुम्हाला परावृत्त करायला लिहीत नाही. पण हा हिशेब बायकोसमोर बसून, कागदावर करा.

कागदांचं म्हणाल तर अमोल यादवांकडे बघा. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात, उडवून बघायची परवानगी २०१९ च्या ऑक्टोबरात. आणि यादव स्वतः व्यवसायाने वैमानिक. म्हणून किटचे पैसे भरायच्या आधी डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, लेखी विचारा : या किटची नोंदणी कोणत्या वर्गात होईल, बांधकामाची तपासणी कोण, कोणत्या टप्प्यावर करील. लेखी उत्तर हातात येईपर्यंत थांबा. पत्रा एकदा बंद झाला की 'आतलं दाखवा' म्हणणाऱ्याला दाखवायला काही उरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक जोडाचा फोटो आणि तारीखवार वही ठेवा.

विमान चालवायचा परवाना आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर बांधकामाआधी तो. किमान ४० तासांचं उड्डाण आणि वैद्यकीय तपासणी. त्या ४० तासांत कदाचित कळेल की तुम्हाला उडण्याचीच ओढ होती, बांधण्याची नव्हे. मग जुनं तयार विमान चारजणांत मिळून घेणं बरं.

आणि घरच्यांना बसवण्याबद्दल. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला पहिले २५ ते ४० तास प्रवासी न घेता उडवावं लागतं. आपल्याकडे नियम काहीही सांगो, तुम्ही ४० तास पुरे झाल्याशिवाय मुलांना बसवू नका. जळगावचा सरळ रस्ता सुमारे ६०० किलोमीटरचा, म्हणजे या विमानाला दोन तास, पण सुरुवातीलाच सह्याद्री आहे. इंजिन एकच. आंबोलीच्या रानावर ते थांबलं तर उतरायला सपाट जागा कुठे, हे प्रत्येक फेरीत डोक्यात असावं लागतं. जून ते सप्टेंबर घाटावर ढग बसलेले असतात, ते चार महिने घरच्यांना घेऊन जायचा विचारच नको. बाकीच्या दिवसांतही नजरेच्या भरवशावर उडायची मुभा सूर्योदयाआधी २० मिनिटांपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंतच, शिवाय हवाई संरक्षण परवानगीचा क्रमांक घ्यायचा. इंजिनाला एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, लागतं. मोठ्या विमानांत भरतात ते एटीएफ यात चालत नाही. एव्हगॅस कुठे मिळेल आणि विमान ठेवायला जागा कोण देईल, हेही आधीच विचारून ठेवा.

शेडबद्दल एकच. पंखांचा पसारा साधारण ३२ फूट, लांबी साडेचोवीस. पंख वेगळे बांधून विमानतळावर जोडता येतात, पण धड ट्रकवर चढवून तुमच्या कुळागरांतल्या वाटेने बाहेर काढायचं आहे. आजच टेप घेऊन वळणं मोजा.

कर्ज काढू नका. आरव्हीचं शेपटीचं किट वेगळं मिळतं. डीजीसीएचं उत्तर अनुकूल आलं तर तेवढंच साठवणीतून मागवा. नंतर सोडून दिलंत तर तेवढंच नुकसान, आणि शेपटी झाली की पुढचं तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

बायकोला मात्र एक गोष्ट आत्ताच सांगा. रिवेट एकट्याने मारता येतो तो थोडा वेळ, कडेकडेला. पत्रा मोठा झाला की एकाने बाहेरून रिवेट ठोकायची गन धरायची, दुसऱ्याने आतून बकिंग बार, म्हणजे रिवेटच्या मागे टेकवायचा जड ठोकळा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजावर आणि हाताला लागणाऱ्या कंपावर काम चालतं. दाबोळीला माझ्या पलीकडे नऊ वर्षं एकच माणूस होता. तुमच्या पत्र्यापलीकडे चार वर्षं रविवारी कोण बसणार, याचं उत्तर घरातच मिळालं पाहिजे.

किट आलं की कळवा. एखाद्या रविवारी फोंड्याला येईन, बार माझा घेऊन येतो. मुलीचा हात लहान आहे, शेपटीच्या अरुंद खणात तो आमच्यापेक्षा नीट जाईल. तिला विचारून ठेवा.