बीटल्स : रेकॉर्डच्या मागच्या बाजूची गाणी

बीटल्सची गाजलेली गाणी सगळ्यांना ठाऊक असतात. या वेळचे प्रश्न मात्र कमी ऐकल्या गेलेल्या गाण्यांविषयी आणि ती जिथे सापडतात त्या संकलनांविषयी आहेत.

प्रश्न : ‘हे ज्यूड’, ‘लेडी मॅडोना’, ‘रेन’ ही गाणी बीटल्सच्या एकाही मूळ ब्रिटिश अल्बमवर नाहीत. ‘वन’ हे संकलन घेतले तर पहिली दोन मिळतात, ‘रेन’ मिळत नाही. एकच गाणे दोनदा विकत न घेता सगळी गाणी जमवायची तर काय घ्यावे? (नाशिक)

उत्तर : ‘पास्ट मास्टर्स’ घ्या. ‘वन’मध्ये (२०००) ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली २७ गाणी आहेत. ती बहुतेकांनी आधीच ऐकलेली असतात, आणि सिंगलची (पुढे-मागे एकेक गाणे असलेल्या छोट्या रेकॉर्डची) मागची बाजू तिथे येतच नाही.

ही गाणी अल्बमबाहेर का राहिली, ते आधी पाहू. १९६२ ते १९७० या काळात ब्रिटनमध्ये बीटल्सचे २२ सिंगल निघाले. सिंगल विकत घेणाऱ्याला तेच गाणे अल्बममध्ये पुन्हा विकू नये, असा तिथला रिवाज होता. तो दर वेळी पाळला गेला असे नाही. १९६४ चा ‘अ हार्ड डेज नाइट’ हा अल्बम त्याच नावाच्या सिंगलसह निघाला. तरी पुष्कळ गाणी अल्बमच्या बाहेरच राहिली. सीडीचा जमाना आल्यावर ही सुटी गाणी एकत्र करणे भाग पडले, आणि मार्च १९८८ मध्ये ‘पास्ट मास्टर्स’चे दोन भाग निघाले. पहिल्यात १८ गाणी, दुसऱ्यात १५. २००९ पासून दोन्ही भाग एकत्र मिळतात.

म्हणजे बारा ब्रिटिश अल्बम, ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ आणि ‘पास्ट मास्टर्स’ एवढे घेतले की त्या काळातले अधिकृत गाणे एकही सुटत नाही. ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ घेताना एक बघा. ब्रिटनमध्ये तो डिसेंबर १९६७ मध्ये सहा गाण्यांचा दोन छोट्या रेकॉर्डींचा संच होता. अमेरिकेत त्याचा अकरा गाण्यांचा एल.पी. (मोठी रेकॉर्ड) झाला आणि सीडी त्यावरूनच निघाली. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’, ‘पेनी लेन’ आणि ‘बेबी यू आर अ रिच मॅन’ ही गाणी त्या एल.पी.वर आहेत, म्हणूनच ती ‘पास्ट मास्टर्स’मध्ये घेतलेली नाहीत. जुना सहा गाण्यांचा संच घेतलात तर ती तुमच्याकडे येणार नाहीत.

‘पास्ट मास्टर्स’ हाती आल्यावर आधी दोन गाणी ऐका. ‘यस इट इज’ (१९६५) हे ‘तिकिट टू राइड’च्या मागच्या बाजूचे गाणे. बीटल्सपैकी तिघांचे आवाज तीन वेगवेगळ्या स्वरांवर एकत्र चालतात आणि मधूनमधून जॉर्ज हॅरिसनची गिटार येते. तिला आवाज कमी-जास्त करणारे पेडल जोडलेले आहे. तार छेडल्याचा ठोका दाबला जातो आणि मागून येणारा स्वर गजाने वाजवल्यासारखा फुगत जातो. दुसरे ‘रेन’ (१९६६). वाद्ये मुद्दाम जलद वाजवून टेप सावकाश फिरवली आहे, त्यामुळे ड्रम आणि गिटार जड, ओलसर वाटतात. गायक जॉन लेननच्या आवाजाला उलटा उपाय केला : टेप मंद चालवून गाणे घेतले आणि नंतर वेग वाढवला, म्हणून आवाज किंचित टोकदार झाला. शेवटी त्याच्याच ओळी उलट्या वाजतात. रिंगोचे ड्रम ऐकायचे असतील तर हेच गाणे ऐकावे, आणि तोही आपल्या उत्तम कामांत याच गाण्याचे नाव घेत असे.

प्रश्न : बीटल्सचे एक गाणे मुंबईत ध्वनिमुद्रित झाले, असे वारंवार ऐकतो. ते कोणते, आणि त्यात मुंबईचे नेमके किती? (ठाणे)

उत्तर : ते गाणे ‘द इनर लाइट’. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूवर आले. हॅरिसनचे गाणे बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ती पहिलीच वेळ. त्यातले गायन लंडनचे आहे, वाद्ये सगळी मुंबईची.

‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत आला. फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत काम झाले. दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र त्यासाठी कलकत्त्याहून मागवावे लागले. स्टुडिओला ध्वनिरोधक भिंती नव्हत्या. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत यायचा, आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. चित्रपटाचे काम आटोपल्यावर वेळ उरला, तेव्हा त्याने आणखी काही रचना वाजवून घेतल्या. त्यांतलीच एक या गाण्याची बैठक झाली.

वादकांत आशिष खान सरोदवर आणि हरिप्रसाद चौरसिया बासरीवर होते. शिवाय पखवाज, शहनाई आणि हार्मोनियम. हॅरिसन म्हटला की सतार शोधायची सवय असते, पण इथे पुढे सरोद आहे. गाण्याची घडण आपल्या कानाला लगेच कळते. वाद्यांचा भाग द्रुत आहे, त्यात सरोद आणि शहनाईची सवाल-जबाबासारखी देवाणघेवाण चालते आणि खाली पखवाज घुमतो. शब्द सुरू होताच सगळे शांत होते आणि आवाजाबरोबर बासरी चालते. अडीच मिनिटांत ही ये-जा इतकी सहज होते की जोड कुठे आहे ते कळत नाही.

शब्द ‘ताओ ते चिंग’च्या सत्तेचाळिसाव्या अध्यायावरून घेतले आहेत : घराचे दार न ओलांडताही जगातले सारे जाणता येते. केंब्रिजमधले संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी या ओळींना चाल लावावी असे हॅरिसनला सुचवले होते. गायन ६ फेब्रुवारी १९६८ ला अॅबी रोड स्टुडिओत झाले आणि दोन दिवसांनी लेनन आणि मॅकार्टनी यांनी शेवटच्या ओळींना साथीचा स्वर दिला. त्याच महिन्यात सगळे ऋषिकेशला निघाले.

ऐकण्यासाठी तीन ठिकाणे आहेत. १९६८ चा सिंगल मोनोत होता, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. स्टिरिओ मिक्स (डाव्या-उजव्या बाजूंना वेगळा आवाज येईल अशी जुळवणी) जानेवारी १९७० मध्ये तयार झाला, पण लोकांपर्यंत पोहोचला १९८१ च्या ईपींच्या (काही गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डींच्या) संचातून. ‘पास्ट मास्टर्स’वर हाच स्टिरिओ आहे. नुसती वाद्ये ऐकायची असतील तर ‘व्हाइट अल्बम’च्या २०१८ च्या मोठ्या संचात सहावा टेक (सहाव्या वेळी वाजवलेले मुद्रण) आहे, गायनाशिवाय. तबला-पखवाज शिकणाऱ्यांनी तो जरूर मिळवावा, कारण गायन नसल्यामुळे पखवाजाचे बोल स्वच्छ ऐकू येतात.

प्रश्न : ‘अॅक्रॉस द युनिव्हर्स’ रेकॉर्डबरोबर वाजवायला बसलो की एका अल्बमवर सूर जुळतो, दुसऱ्यावर हार्मोनियम बेसूर लागते. चूक कुठे होते? (कोल्हापूर)

उत्तर : तुमची चूक नाही. एकाच ध्वनिमुद्रणाची टेप तीन ठिकाणी तीन वेगांनी चालवली आहे. टेपचा वेग वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो.

गाणे फेब्रुवारी १९६८ मध्ये डी मेजरमध्ये, म्हणजे पांढरी दोनमध्ये मुद्रित झाले. त्यानंतर ते पडून राहिले. डिसेंबर १९६९ मध्ये वन्यजीवांच्या मदतीसाठी निघालेल्या ‘नो वन्स गॉना चेंज अवर वर्ल्ड’ या अल्बमसाठी ते दिले, तेव्हा वेग वाढवला आणि सुरुवातीला व शेवटी पक्ष्यांचे आवाज घातले. इथे सूर साधारण काळी दोन. ‘पास्ट मास्टर्स’वर हेच आहे. त्यातल्या साथीच्या कोवळ्या आवाजांपैकी दोन स्टुडिओच्या दाराशी उभ्या असलेल्या चाहत्या मुलींचे आहेत. उंच स्वर लावता येईल का, असे विचारून त्यांना आत बोलावले होते. मग १९७० मध्ये ‘लेट इट बी’ अल्बमसाठी निर्माता फिल स्पेक्टरने वेग कमी केला, मुलींचे आवाज काढले आणि व्हायोलिनचा ताफा व समूहगान चढवले. तिथे सूर साधारण काळी एक. ‘लेट इट बी... नेकेड’मध्ये (२००३) वेग मूळचा आहे, म्हणून पांढरी दोन.

गिटारवर तिन्ही ठिकाणी डीचेच आकार धरा. ‘नेकेड’ला तसेच वाजवा, ‘पास्ट मास्टर्स’ला पहिल्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ‘लेट इट बी’ला सहाही तारा अर्धा स्वर उतरवा. तरीही थोडा फरक राहू शकतो. टेपचा वेग बदलताना तो नेमका अर्ध्या स्वरावर थांबतोच असे नाही. गिटारच्या तारा कानाने जुळवून घ्याव्यात. हार्मोनियमची पट्टी हलत नाही, म्हणून तिथे संगणकावर किंवा फोनवर गाण्याचाच सूर किंचित सरकवावा लागतो.

ऐकायला कोणते चांगले? सगळ्यात कमी झाकलेला आवाज ‘नेकेड’मध्ये आहे आणि या गाण्याला तोच शोभतो.

प्रश्न : ‘लव्ह मी डू’चे दोन प्रकार आहेत म्हणतात. जुनी रेकॉर्ड घेताना ओळखायचे कसे? (पुणे)

उत्तर : खंजिरी ऐका. खंजिरी असेल तर ड्रमवर बाहेरून बोलावलेला वादक अँडी व्हाइट आणि खंजिरी रिंगोच्या हातात : ११ सप्टेंबर १९६२. खंजिरी नसेल तर ड्रमवर रिंगो : ४ सप्टेंबर. तिसराही प्रकार आहे, ६ जूनचा, ड्रमवर रिंगोच्या आधीचा वादक पीट बेस्ट. तो १९९५ च्या ‘अँथॉलॉजी १’वर आला.

५ ऑक्टोबर १९६२ ला निघालेल्या या सिंगलच्या (पार्लोफोन कंपनी, क्रमांक आर ४९४९) पहिल्या प्रतींवर लाल लेबल आणि रिंगोचे ड्रम आहेत. पुढच्या काळ्या लेबलच्या प्रतींवर आणि ‘प्लीज प्लीज मी’ अल्बमवर अँडी व्हाइट आहे. ४ सप्टेंबरची मूळ टेप आता अस्तित्वात नाही. ‘पास्ट मास्टर्स’चे पहिले गाणे म्हणून ती आवृत्ती घ्यायची होती, तेव्हा जुन्या रेकॉर्डवरून उतरवावी लागली. तिथे आवाज किंचित दबका वाटतो तो त्यामुळे. तुमच्या स्पीकरचा दोष नाही.

‘शी लव्ह्ज यू’चेही असेच. मूळ दोन ट्रॅकची टेप राहिली नाही, म्हणून ते गाणे ‘पास्ट मास्टर्स’वर आजही मोनोत आहे. जानेवारी १९६४ मध्ये पॅरिसला त्याचे जर्मन रूप करताना वाद्येसुद्धा नव्याने वाजवावी लागली. उलट ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’च्या जर्मन रूपाला जुनीच वाद्ये वापरली. दोन्ही जर्मन गाणी लागोपाठ ऐकली की हा फरक कळतो.

प्रश्न : जुन्या बाजारात ‘रॅरिटीज’, ‘लव्ह साँग्ज’, ‘ओल्डीज’ असे एल.पी. दिसतात. घेण्यासारखे कोणते? (मडगाव)

उत्तर : ‘रॅरिटीज’ नावाचे दोन वेगळे अल्बम आहेत, तिथे फसगत होते. १९७८ चा ब्रिटिश ‘रॅरिटीज’ १७ गाण्यांचा. ती सगळी आज ‘पास्ट मास्टर्स’मध्ये मिळतात, त्यामुळे केवळ गाण्यांसाठी घेऊ नका. १९८० चा अमेरिकी ‘रॅरिटीज’ मात्र वेगळ्या मिक्सचा आहे : ‘पेनी लेन’च्या शेवटी ट्रम्पेटचे जादा स्वर आहेत, ‘अँड आय लव्ह हर’चा शेवटचा गिटारचा तुकडा जास्त वेळा वाजतो, आणि ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोत आहे. मोनोतले ‘हेल्टर स्केल्टर’ सुमारे पाऊण मिनिटाने लहान आहे आणि शेवटची बोटांना फोड आल्याची आरोळी त्यात नाही. बारीक फरक ऐकण्याची आवड असेल तर हा सोडू नका.

‘अ कलेक्शन ऑफ बीटल्स ओल्डीज’ डिसेंबर १९६६ चा. नाताळापर्यंत नवा अल्बम तयार होणार नव्हता म्हणून काढलेला. ब्रिटनसाठी त्यात नवे गाणे एकच, ‘बॅड बॉय’. ‘लव्ह साँग्ज’मध्ये (१९७७) नवे काही नाही.

ब्रिटिश एल.पी. घेताना क्रमांक बघा. पीएमसीने सुरू झाला तर मोनो, पीसीएसने असेल तर स्टिरिओ. कव्हर एका प्रतीचे आणि रेकॉर्ड दुसरीची, असे होते. म्हणून लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेली अक्षरे तिरप्या उजेडात वाचा : एक्सईएक्स म्हणजे मोनो, वायईएक्स म्हणजे स्टिरिओ. कव्हरवरचे आणि इथले जुळले तरच पैसे द्या.

प्रश्न : इअरफोनवर सुरुवातीची गाणी ऐकताना गायक एका कानात आणि वाद्ये दुसऱ्या कानात का येतात? (नागपूर)

उत्तर : पहिले दोन अल्बम दोन ट्रॅकवर मुद्रित झाले. एका ट्रॅकवर आवाज, दुसऱ्यावर वाद्ये, ते मोनोत एकत्र करताना पातळी सांभाळता यावी एवढ्यासाठी. स्टिरिओत तेच दोन ट्रॅक डावी-उजवीकडे टाकले. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’त ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, त्रास थांबेल. मात्र हा खरा मोनो मिक्स नव्हे. तो हवा तर २००९ चा ‘द बीटल्स इन मोनो’ हा संच घ्या. त्यातल्या ‘मोनो मास्टर्स’वर ‘ओल्ड ब्राउन शू’ आणि ‘लेट इट बी’ सापडणार नाहीत. त्यांचे मोनो मिक्स झालेच नव्हते.

प्रश्न : ‘यू नो माय नेम’ हे गाणे दोन ठिकाणी वेगवेगळ्या लांबीचे का? (बेळगाव)

उत्तर : १९६७ मध्ये सुरू करून ते तसेच ठेवले. त्यातले सॅक्सोफोन रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सने त्याच वर्षी जूनमध्ये वाजवले. गायन एप्रिल १९६९ मध्ये झाले आणि मार्च १९७० मध्ये ‘लेट इट बी’ सिंगलच्या मागे ते कापून घातले. ‘पास्ट मास्टर्स’वर ते सव्वाचार मिनिटांचे, मोनोत. ‘अँथॉलॉजी २’वर स्टिरिओत, जवळपास दीड मिनिट जास्त. त्या जादा भागात गाणे मध्येच वेगळ्याच लयीत शिरते, तेव्हा लांब प्रत आधी ऐका.