मोबदल्याच्या भरवशावर शेकडा तीनने?

प्रश्न: बार्शी तालुक्यात आमची साडेचार एकर शेती. त्यातली दोन एकर महामार्गात जाणार म्हणून थ्री-ए (जमीन घ्यायचा इरादा सांगणारी अधिसूचना) निघाली, मोजणी झाली, सीताफळाच्या झाडांवर लाल नंबर पडले. पावणेतीन वर्षं झाली, पुढे हालचाल नाही. गावात 'एकरी ४० लाख' मिळतील असं चाललंय, उशिराबद्दल सरकार व्याजही देतं म्हणतात. बँक पाइपलाइनला कर्ज देत नाही. मुलगा सोलापुरात शिकतोय, त्याच्यासाठी जुळे सोलापुरात फ्लॅट बघितलाय. ओळखीचे एक जण मोबदल्यावर १० लाख द्यायला तयार आहेत, शेकडा तीनने. दोन एकराचं खरेदीखत 'विश्वासापुरतं' मागतात. घेऊ का?

उत्तर: दादा, घेऊ नका. व्याजाचं नंतर बोलू, आधी ते खरेदीखत. मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळतो. खरेदी झाली, फेरफार धरला, की 'विश्वासापुरतं' हा शब्द कुठल्याच कागदावर उरत नाही. निवाड्याची (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची) नोटीस त्यांच्या घरी जाईल आणि तुम्ही प्रांत ऑफिसच्या व्हरांड्यात बसाल.

आता व्याज. महिन्याला ३० हजार, वर्षाला ३ लाख ६० हजार. उशीर झाला तर सरकारही व्याज देतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. २०१३ च्या कायद्यात बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के आहेत खरे, पण दिलासा रकमेवर (बाजारमूल्याच्या वर मिळणाऱ्या जादा रकमेवर) ते मिळत नाहीत. म्हणजे १२ टक्क्यांच्या आशेवर ३६ टक्के भरायचे.

आणि तुमचं संपादन आज कायद्याने उभं तरी आहे का? महामार्ग कायद्यात थ्री-एनंतर वर्षभरात थ्री-डी (संपादनाची पक्की घोषणा) निघाली नाही, तर थ्री-ए बाद होते (कोर्टाच्या स्थगितीचा काळ सोडून). थ्री-डी निघाली असेल, तर जमीन सरकारकडे गेलेली आहे, मग खरेदीखत कशाचं करणार? निघाली नसेल, तर नवी थ्री-ए निघेल आणि दर त्या तारखेचा धरला जाईल. थ्री-डी निघाली का, असा गट नंबर टाकून प्रांत ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यांचं उत्तर हातात घेऊनच बँकेत जा. उरलेल्या अडीच एकराचा गट वेगळा असेल, तर पाइपलाइनचं कर्ज तेवढ्यावरच मागा.

गावात 'एकरी ४० लाख' चाललंय म्हणता. पारावरचा दर निवाड्यात येत नाही. तिथे मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं लावतात, त्यातल्या चढ्या दराच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी काढतात. समजा ती एकरी ८ लाख निघाली. दिलासा रक्कम तेवढीच, म्हणजे एकूण एकरी १६ लाख. वर १२ टक्के आणि झाडं, विहीर वेगळी. २०२१ मध्ये राज्याने महामार्गांसाठी गुणांक (बाजारमूल्याला ज्याने गुणतात तो आकडा) २ वरून १ वर आणला, सुरत-चेन्नई महामार्गाच्या मोबदल्यावरून बार्शी-अक्कलकोटकडे ओरड झाली ती यामुळेच. अर्ज देताना सध्याचा गुणांकही विचारा.

तारखेवर तर काहीच बांधू नका. सोलापूरजवळ बोरामणीत नव्या विमानतळासाठी जमिनी गेल्या आणि २०२५ मध्ये विमान उडालं ते होटगी रोडच्या जुन्याच विमानतळावरून!

तोवर त्या दोन एकरात नवी बाग लावू नका, पण रान पडीकही ठेवू नका. तूर, सोयाबीन, कांदा, हंगामी काहीही घ्या. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्य पडतं. ते चालू ठेवा. मुलाला खोली भाड्याने घ्या. त्या ३० हजारांत खोलीभाडं आणि मेस भागून पैसे उरतील.

एक राहिलं. पत्रात बहिणींचा उल्लेख नाही. जमीन वडिलोपार्जित असेल, तर २००५ पासून त्यांचाही जन्मतः हक्क तुमच्याइतकाच आहे. वाटणीचा वाद निघाला तर रक्कम दिवाणी न्यायालयात जाऊन पडते, आणि तिथून काढायला वर्षं जातात. प्रांत ऑफिसचं उत्तर येईपर्यंत वेळ आहे. या दिवाळीला त्या माहेरी येतील, तेव्हा सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) पुढ्यात ठेवून बोलून घ्या.