मुलींना विज्ञान-तंत्रज्ञानाची गोडी लागावी म्हणून एक दिवसाचा प्रत्यक्ष कृतीचा कार्यक्रम ठेवला, तर खरंच काही फरक पडतो का? तो कसा आखावा?

तुम्ही लिहिलं आहे की दहा ते तेरा वर्षांच्या चाळीसेक मुली आहेत, भाषणं टाळून हाताने करायच्या गोष्टी ठेवायच्या आहेत, पण एका दिवसाने असं काय होणार ही शंका मनातून जात नाही. फरक पडतो, मी पाहिला आहे. अट एकच: त्या दिवशी प्रत्येक मुलीचं कुठेतरी अडलं पाहिजे, आणि ते तिचं तिने सोडवलं पाहिजे. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. नोकरी सांभाळून गेली दहा-बारा वर्षं मुलींसाठी अशा कार्यशाळा घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक प्रसंग सांगते. तीन व्होल्टचा बटण सेल आणि काही एलईडी, एवढ्यावर आमची सकाळ सुरू होते. एलईडीचा लांब पाय सेलच्या धन बाजूला आणि आखूड पाय ऋण बाजूला टेकवून चिमटीत धरला की दिवा लागतो. उलटा धरला तर लागत नाही, हे मी आधी सांगत नाही, दोन मिनिटांत सगळ्यांना कळतंच. बारा वर्षांच्या एका मुलीने निळा दिवा लावला आणि मग त्याच सेलवर शेजारी लाल बसवला. लाल लागला, निळा विझला. "ताई, माझा निळा खराब झाला," म्हणत ती माझ्याकडे आली.

उत्तर अगदी जिभेवर होतं. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास पेटतो, निळ्याला तीनच्या जवळ लागतात. दोघांना एकाच इवल्याशा सेलवर बसवलं की लाल भराभर करंट ओढतो, सेलचं व्होल्टेज खाली येतं आणि निळ्याला पुरेल इतकं उरत नाही. पण मी फक्त विचारलं, "खराब झाला हे कशावरून?" ती जागेवर गेली. लाल काढला, तर निळा पुन्हा लागला. सेल बदलून पाहिला, पुन्हा तेच. दोन निळे लावले, मंद का होईना, दोन्ही लागले. लाल आणि पांढरा लावला, तर पांढरा विझला. वीसेक मिनिटांनी ती शेजारच्या मुलीला सांगत होती, "लाल असला ना की तो आधी घेतो, मग ह्यांना पुरत नाही." आणि तिने लालला वेगळा सेल देऊन टाकला. त्यानंतर मी तिच्या हातात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, दिला. नुसता सेल तीन दाखवत होता, लाल लावल्यावर आकडा दोन-सव्वादोनच्या घरात आला. तेव्हा 'व्होल्टेज' हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला आणि तिला तो लगेच कळला, कारण तिला त्याची गरज पडली होती.

मी जर पहिल्या मिनिटाला उत्तर सांगितलं असतं, तर ती "हो ताई" म्हणून निघून गेली असती. मदतीला येणाऱ्या स्वयंसेवकांना हेच सांगा. अडलेल्या मुलीजवळ उभं राहा, प्रश्न विचारा, पण हात पाठीमागे. तिच्या हातातली वस्तू घेऊन "हे बघ, असं" म्हणत करून दाखवलं की तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसते, की हे आपल्याला जमत नाही. चांगल्या मनाची माणसंच हे सगळ्यात जास्त करतात, म्हणून आधी अर्धा तास बसवून त्यांच्याकडून सराव करून घ्या.

मुलींना विज्ञानाची आवड कमी असते हे मला मान्य नाही. कमी असतात ते खुडबुडीचे तास. मिश्र गटांना एकच संच दिला की स्क्रू ड्रायव्हर मुलाच्या हातात जातो आणि वही-पेन मुलीच्या हातात, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता गट पाडायचंच सोडून दिलं. प्रत्येकीला स्वतःचा संच द्या. फारच ओढाताण असेल तर दोघींत एक, आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल. चार जणींत एक संच म्हणजे दोघी नुसत्या बघणाऱ्या.

ह्या वयाआधीच बरंच काही घडून गेलेलं असतं. २०१७ मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता. 'खूप खूप हुशार' व्यक्ती कोण असं विचारल्यावर पाच वर्षांची मुलं-मुली सारख्याच प्रमाणात आपापल्यातलं माणूस, म्हणजे मुलगे पुरुष आणि मुली बाई, निवडत होती. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते प्रमाण घसरलेलं दिसलं, आणि 'हा खूप हुशार मुलांचा खेळ आहे' असं सांगितलेल्या खेळातला त्यांचा रसही कमी झाला होता. त्याही आधीचं काम डेव्हिड चेंबर्स ह्या संशोधकाचं. १९६६ ते १९७७ ह्या काळात ४,८०७ मुलांनी काढलेल्या शास्त्रज्ञाच्या चित्रांपैकी फक्त २८ चित्रांत बाई होती, आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली होती. नंतरच्या दशकांत हे प्रमाण बरंच सुधारलं आहे, पण मुली मोठ्या होत जातात तसा चित्रातला पुरुष वाढत जातो.

तुमच्या उपयोगी पडेल असा अभ्यास मात्र २०१९ चा आहे. लहान मुलींना "चला, आपण विज्ञान करूया" असं सांगितलं, तेव्हा त्या पुढच्या कामाला जास्त वेळ चिकटून राहिल्या. "चला, आपण शास्त्रज्ञ होऊया" म्हटलं तेव्हा तेवढ्या राहिल्या नाहीत. मला ह्याचं कारण सरळ वाटतं. 'शास्त्रज्ञ' हा कुणी वेगळा माणूस असेल, तर पहिली चूक झाली की मुलीला वाटतं, आपण ते नाही. 'करणं' मात्र कुणालाही करता येतं, चुकत करता येतं, पुन्हा करता येतं. तेव्हा 'उद्याच्या महान शास्त्रज्ञ' असा फलक लावायचा विचार असेल तर कृपा करून लावू नका. 'आज आपण शोधणार, खोलणार, जोडणार' एवढं पुरे आहे.

सजावटीचंही तसंच. मुलींसाठी म्हणून सगळं गुलाबी करायची आणि विज्ञान सौंदर्यप्रसाधनांतून आणायची हौस काही आयोजकांना असते. २०१२ मध्ये युरोपियन कमिशनने मुलींना विज्ञानाकडे वळवण्यासाठी लिपस्टिक आणि उंच टाचांच्या बुटांचा व्हिडिओ काढला होता. खुद्द वैज्ञानिक स्त्रियांनीच इतकी टीका केली की तो लगेच मागे घ्यावा लागला. दहा वर्षांच्या मुलीला आपल्याला कमी लेखलं जातंय हे बरोबर कळतं. तिला खरा मल्टिमीटर द्या, खरी पक्कड द्या.

दुपारसाठी माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे मोडतोड. बंद पडलेले कीबोर्ड, माउस, बॅटरीवर चालणारी खेळणी, भिंतीवरची घड्याळं गोळा करा आणि प्रत्येकीला एक उघडायला द्या. ग्रेस हॉपर ह्या पुढे कंपायलरच्या, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आद्य जनकांपैकी एक झाल्या. त्या सात वर्षांच्या असताना घड्याळ चालतं कसं हे बघायला त्यांनी घरातली सात गजराची घड्याळं खोलली होती. आईच्या लक्षात आल्यावर आईने त्यांना थांबवलं नाही, फक्त एकाच घड्याळावर खटपट करायला सांगितलं. ही गोष्ट मी मुलींना नेहमी सांगते आणि त्या आईबद्दल थोडं जास्तच बोलते. मुली पहिली पाच-दहा मिनिटं स्क्रूला हात लावायला कचरतात, "मोडलं तर?" म्हणतात. ते आधीच मोडलेलं आहे हे सांगितलं की भीड चेपते.

इथे सुरक्षिततेत मात्र तडजोड नको. थेट भिंतीच्या प्लगवर चालणारं काहीही उघडायला देऊ नका. मायक्रोवेव्ह, जुने काचेचे टीव्ही आणि फ्लॅश असलेले कॅमेरे तर मुळीच नकोत, कारण प्लग किंवा सेल काढल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, घातक चार्ज राहू शकतो. बटण सेल मोजून द्या आणि मोजून परत घ्या. लहान मुलाने गिळला तर एक-दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून तारा जोडणं, ठेवणार असाल तर शिसं नसलेली तार, डोळ्यांवर चष्मा, खिडक्या उघड्या आणि एका वेळी चार-पाचच मुली.

कॉम्प्युटरचा भाग असेल तर कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करू नका. स्क्रॅच ही मुलांसाठीची, ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायची भाषा फुकट मिळते. त्यात एक छोटा खेळ आधी लिहून ठेवा आणि मुद्दाम तीन चुका पेरा. मांजर उलटीकडे पळतं, गुण वाढण्याऐवजी घटतात, खेळ संपतच नाही. चुका शोधताना मुली आपोआप प्रोग्रॅम वाचायला लागतात.

पाहुण्या बोलवाच, पण चरित्र सांगायला नको. तिने आपलं रोजचं एखादं उपकरण घेऊन यावं आणि गेल्या आठवड्यात काय जमलं नाही ते सांगावं. एकदा आलेल्या एका प्रयोगशाळा तंत्रज्ञ ताईंनी फसलेल्या चाचणीची पट्टी दाखवली. मुली तिच्याभोवती जमल्या त्या हलेनात. मेरी क्युरींना दोन नोबेल मिळाली हे मुलींना ठाऊक असतं. आपल्यासमोर बसलेल्या बाईचं कालचं काम फसलं आणि ती उद्या पुन्हा तेच करणार आहे, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

दिवस कुठला धरावा हेही तुम्ही विचारलं आहे. ११ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांचा विज्ञानातील महिला आणि मुलींचा दिवस असतो, एप्रिलच्या चौथ्या गुरुवारी माहिती तंत्रज्ञानातील मुलींचा दिवस. कुठलाही धरा. त्यापेक्षा दुसऱ्या भेटीची तारीख आधी ठरवा आणि पहिल्याच दिवशी ती सांगून टाका. महिन्याभराने नुसते दोन तास भेटलात तरी चालेल.

शेवटच्या अर्ध्या तासात घरच्यांना बोलवा आणि मुलींना त्यांना शिकवू द्या. जाताना एलईडी आणि तारा घरी नेऊ द्या. सेल फक्त जिच्या घरी अगदी लहान भावंड नाही तिला, आणि तेही मोठ्यांच्या हातात. अभिप्रायाच्या कागदावर 'कार्यक्रम आवडला का' हे विचारू नका, सगळ्या 'हो' लिहितात. 'आज काय जमत नव्हतं, आणि मग तू काय केलंस?' हे विचारा आणि लिहायला भरपूर जागा सोडा. ते कागद जपून ठेवा, दुसऱ्या भेटीत कुणाला काय द्यायचं ते त्यांतूनच ठरतं.

मदतीला किती जण आहेत आणि हातात किती तास आहेत तेवढं कळवा, त्यावरून सामानाची यादी लिहून देते.